वर लेक, खाली माय

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की तो लिहून काढत जा, रक्तदाब आटोक्यात राहील. त्यांचं काय जातंय सांगायला! त्यांना रोज कात्रीसमोर बसावं लागत नाही. तरी येताना ही वही घेतली.

कात्री म्हणजे आमच्या कोश कचेरीतली सहसंपादक. शब्द कापण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, म्हणून हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. सत्तावीस वर्षं मी शब्द जमवतेय आणि एकोणीस वर्षं ती ते कापतेय, असा आमचा संसार. आज तिनं 'म'च्या खोक्यातलं एक पिवळं पडलेलं कार्ड माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाली, "हे बाद." कार्डावर असं आहे:

'मायलेकी. बंदरात शिरणाऱ्या बोटींना वाट दाखवणारे दोन दिवे. वरचा उंच तो माय, खालचा बुटका तो लेक. बोटवाल्यांचा शब्द. कळवणार: बंदराचे निवृत्त अभियंता.'

बाद कशासाठी, तर आमच्याकडे दोन साक्षींचा नियम आहे. एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी शब्द सांगितला तरच तो कोशात बसतो. एकट्या माणसाचा शब्द त्याच्या घरातलाच असू शकतो, किंवा त्याच्या डोक्यातला. हे अभियंता वारून पंधरा वर्षं झाली आणि दुसरी साक्ष काही कुणी आणली नाही. मी म्हटलं, "मी आणते." कात्री हसली. आतून संपादक ओरडले, "अठ्ठावीस तारखेपर्यंत आणा! त्यानंतर 'म'च्या पानांचा फर्मा छापखान्यात गेला."

आता जीव गेला तरी आणणार. यंदा माझे तीन शब्द कापलेत तिनं.

घरी आले तर इथे वेगळीच तऱ्हा. जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आमचा दिवा असतो. वही लिहायची म्हणून तो उचलून माझ्या खुर्चीपाशी आणला. आई स्वयंपाकघरातून आली आणि पांढरीफटक पडली. "दिवा कुणी हलवला?" जसा काही घरात खून पडलाय. लहानपणापासून हे असंच चाललंय. पलंग हलवा, कपाट हलवा, पण दिव्याला हात लावायचा नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी बोलणी खातेय. ठेवला परत. अंधारात लिहितेय, अक्षर बघा काय आलंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर दिव्यांचे शब्द उपसले. दीपस्तंभ आहे, दीपगृह आहे. दोन्ही इस्त्री केलेले शब्द. वाऱ्यापावसात बोट हाकणारा माणूस "अहो, दीपस्तंभ दिसला" असं ओरडत असेल यावर माझा विश्वास नाही. शिवाय कुणी वारलं की शोकसभेत तो ताबडतोब दीपस्तंभ होतो, मग हयातीत त्यानं घरातला बल्ब का बदललेला नसेना. ध्रुव आहे, पण तो आपला आपण लागतो. त्याला कुणाची मेहनत नाही.

मला चैन पडत नाही ते वेगळ्याच गोष्टीनं. दोन दिवे कशाला? वाट दाखवायला एक पुरत नाही? आणि दोन असलेच तर मायलेकीच का? बापलेक का नाहीत, बहिणी का नाहीत, सासवासुना का नाहीत?

जेवताना हे मोठ्यानं बोलले. कात्री डबा बंद करत म्हणाली, "सासवासुना असत्या तर एक बोट धड पोचली नसती." मला हसू आलं. तिच्यासमोर हसायचं नाही असं ठरवलेलं असतं मी.

९ फेब्रुवारी, सोमवार

बंदर कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, "दिवा क्रमांक एक, दिवा क्रमांक दोन. बाकी नावाची आमच्याकडे नोंद नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण आम्ही पण मायलेकीच म्हणतो. का म्हणतो विचारू नका, आणि साक्षीत माझं नाव घालू नका." धक्क्यावर एक सुकाणूवाले आजोबा बसतात, वय शहाऐंशी, त्यांना विचारा म्हणाला. त्यांचा नंबर मागितला तर म्हणे ते फोनला शिव्या देतात. पटलाच मला माणूस. शनिवारी जाणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

आईला करमणूक म्हणून ते कार्ड वाचून दाखवलं. ती उशीचा अभ्रा शिवत होती. 'मायलेकी' म्हटल्यावर सुई थांबली, दोरा अडकला असणार. पुढे वाचलं, वरचा तो माय, खालचा तो लेक. तर म्हणते, "उलटं लिहिलंय तुमच्या शहाण्यानं. वर लेक, खाली माय."

"तुला गं काय ठाऊक?"

"पायऱ्या कोण चढणार मग? गुडघे धरलेली आई, का लेक?"

कुठल्या पायऱ्या कोण जाणे. पण आईचं हे असंच आहे, ती बातम्यांमधल्या हवामानवाल्यालासुद्धा चूक ठरवते. मी म्हटलं, "बरं बाई, तू म्हणशील तसं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ते दिवे अजून लागतात?" म्हटलं, लागतात की, विजेवर. "दोन्ही?" म्हटलं, दोन्ही. मग अभ्रा तसाच टाकून ती झोपायला गेली. आठ वाजता! डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लवकर दमते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

अडीच तास बस, त्यात माझ्याच खिडकीची काच बसेना. आईला म्हटलं होतं, चल, तेवढाच समुद्र बघशील. तर म्हणाली, समुद्राचं वारं मला सोसत नाही. जसा काही हिनं फार समुद्र पाहिलाय.

बंदर लहानसंच. बर्फाची खोकी, डिझेलचा वास, ओले दोर, आणि मागे टेकडी. धक्क्यापाशी एक पांढरा बुटका खांब, त्यावर दिवा. टेकडीवर तसाच दुसरा. दोरांच्या गोदामाबाहेर आजोबा पालथ्या खोक्यावर बसलेले. डावा पाय आखूड. मी कोश, साक्ष, नियम असं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी दोन चहा मागवा."

चहा आला तर पिऊ देईनात. एक कप माझ्यासमोर फळीच्या काठावर ठेवला, दुसरा त्याच्या मागे हातभर अंतरावर, खोक्यावर उंच. "बाई, तुम्ही बोट. आता डोकं हलवा." उजवीकडे सरकले तर खालचा कप वरच्याच्या डावीकडे गेला. "खालचा जिकडे गेला तिकडे वळा." वळले. दोन्ही कप एकावर एक आले. "हं. आता नाकासमोर चला. दोन्ही बाजूला खडक आहेत, पण तुम्हाला काही होत नाही."

एवढं सोपं! एका दिव्यावरून कळतं फक्त की जमीन तिकडे आहे. आपण कुठे आहोत ते कळायला दोन लागतात. मी खुळ्यासारखी चार वेळा डोकं हलवून बघितलं. चहा निवला.

"आणि एकच दिसला तर?"

"तर बाहेर थांबायचं. उजाडेपर्यंत थांबायचं, उपाशी थांबायचं, पण आत यायचं नाही. विझलेल्या दिव्याची भीती नसते बाई. जागा सोडलेल्या दिव्याची असते."

"वरचा तो माय ना?"

"कुणी सांगितलं? वर लेक. चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. खाली माय."

मी खोक्यावरून उठलेच. म्हटलं, हे नाव कुणी ठेवलं, कधी ठेवलं? त्यावर आजोबा बराच वेळ दोर वळत बसले. "ती गोष्ट माझ्या एकट्याची नाही," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघत, "हनुवटी ओळखीची वाटते तुमची." म्हाताऱ्या माणसांना सगळेच ओळखीचे वाटतात. पुढे विचारलं, आई आहे का. आहे म्हटलं. दिसतं का तिला? म्हटलं, आत्ताच ऑपरेशन झालं, आता छान दिसतं. "बरं झालं," म्हणाले, "फार बरं झालं." माझ्या आईच्या डोळ्यांचं त्यांना एवढं काय पडलंय समजलं नाही, पण माणूस मायाळू.

निघताना वर जाऊन आले. पायऱ्या चौऱ्याऐंशीच भरल्या. जिना दिसला की मोजायची ही खोड आईचीच, मलाही लागली. वर टेकडीकडून असा वारा की पदर सांभाळता येईना. खांबापासून चार पावलांवर एक पडकी भिंत आहे, तिच्या आडोशाला बसून पाव खाल्ला. समोर समुद्र, पाठीला भिंत, वारा नावालाही नाही. फार छान जागा.

घरी येऊन आईला म्हटलं, "तुझा अंदाज बरोबर निघाला हो! वर लेकच आहे." तिला आनंद होईल वाटलं होतं. ती जेवली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

साक्षीचा कागद भरायला बसले. त्यात एक रकाना असतो: हा तपशील तुम्ही प्रथम कुणाकडून ऐकला, कोणत्या तारखेला. लिहिलं, सुकाणूवाले आजोबा, चौदा फेब्रुवारी. मग वाटलं, प्रथम? प्रथम तर आई बोलली होती. तारीख बघायला ही वही मागे उलटली.

अकरा फेब्रुवारी. 'वर लेक, खाली माय.' 'पायऱ्या कोण चढणार.'

कार्डावर पायऱ्या नाहीत. मी तिला पायऱ्यांचं काही सांगितलेलं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं. दोन माणसं, एकमेकांशी न बोललेली, दोघंही कार्डाच्या उलट सांगतात आणि दोघांचं सांगणं जुळतं. कचेरीत असं झालं की आम्ही काय म्हणतो? दोघं तिथे होती, असं म्हणतो.

मग बाकीचं एकेक आठवायला लागलं. टेबलावरचा दिवा, जिने मोजणं, समुद्राचं वारं. सत्तावीस वर्षं मी जगाला विचारत फिरतेय, हे कुठून आलं, ते कुठून आलं. आईला कधी विचारलं नाही की तू कुठून आलीस. 'गावोगाव फिरलो' एवढं ती म्हणायची आणि मला ते पुरायचं. लाज वाटतेय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज विचारलं. सरळच विचारलं, "वरचा दिवा तू लावायचीस?"

वाटलं, उठून जाईल. पण ती बसली आणि शिवणातलं काहीतरी हातात घेऊन त्याच्याकडे बघत बोलत राहिली. तिचे वडील समुद्रावर गेले ते आले नाहीत. मग बंदरवाल्यांनी दिव्यांचं काम तिच्या आईला दिलं. रॉकेलचे दिवे. आजीचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून खालचा आजी लावायची आणि वरचा ही. आठव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत, रोज.

"एका संध्याकाळी टेकडीकडून वारा सुटला. दिव्याची काच तडकलेली. तीनदा लावला, तीनदा विझला. मग मी तो उचलून भिंतीच्या आडोशाला ठेवला. काय छान लागला! मला इतका आनंद झाला, मी नाचतच खाली आले. आईला सांगायला."

मी त्या भिंतीशी बसून पाव खाल्ला होता.

"बोट खडकावर चढली. दिवे एकावर एक दिसले ना त्यांना, चुकीच्या ठिकाणी. बोट फुटली. माणसं पोहत आली, एकाचा पाय कायमचा मोडला. आई मला काही म्हणाली नाही. मारलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिनं त्या दिव्याचं नाव काढलं नाही माझ्यासमोर, एवढी रागावली होती. महिन्याभरात आमचं काम गेलं. धक्क्यावरून निघालो की पोरं मागून ओरडायची, मायलेकी, मायलेकी! त्याआधी कुणी म्हणत नव्हतं तसं. बोट बुडवल्यावर म्हणायला लागले. आणि तू ते पुस्तकात छापणार?"

आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "अगं, पण तू म्हणजे दुसरी साक्ष झालीस." तोंडातून निघून गेलं. जीभ हासडून टाकावी माझी.

ती म्हणाली, "काढून टाक तो शब्द. माझ्यासाठी तेवढं कर."

१८ फेब्रुवारी, बुधवार

आई बोलत नाही. मीही नाही. भात करपला, दोघींनी मुकाट खाल्ला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कात्रीनं आजोबांचा कागद वाचला. "कार्ड म्हणतं वर माय, हे म्हणतात वर लेक. दोन साक्षी एकमेकींना खोडतात. तिसरी आण, नाहीतर बाद." म्हणजे मी काही न बोलता गप्प बसले की शब्द आपोआप जातो. आईला हवंय तेच होतं. कात्रीच्या हातून काम होतं, माझ्यावर बालंटही येत नाही.

मग मला बरं का वाटत नाही? शब्दाचा मोह म्हणावा तर तसं नाही, एवढं शपथेवर लिहिते. निदान नुसता तो नाही. मला त्या पोरांचं नवल वाटतंय. बोट फुटली, माणसाचा पाय मोडला, आणि चिडवायला बंदराला 'मायलेकी' हाच शब्द सुचला? शिव्या काय कमी आहेत भाषेत? आमच्याकडे त्यांची अख्खी दोन खोकी आहेत. आणि चिडवायचा शब्द लोक साठ वर्षं आपल्या दिव्यांना ठेवतील?

उद्या रजा टाकते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजोबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "वरचा दिवा लावणारी मुलगी माझी आई. तुमच्या पायाची तिच्या वतीनं माफी मागायला आलेय."

"हनुवटीवरून कळलंच होतं," आजोबा म्हणाले. "बस पोरी." मी 'बाई'ची 'पोरी' झाले. मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं उतरवतेय:

"दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे धक्क्यावर जमले. मी फळीवर आडवा, पाय बांधलेला. तुझी आजी आली, मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, दिवा मी हलवला. पोरीला ताप होता, काल मीच वर गेले होते. तिचे गुडघे सगळ्या बंदराला ठाऊक. घराच्या तीन पायऱ्या चढताना तिला हात द्यायला लागायचा, आणि ही चौऱ्याऐंशी चढली म्हणे! शिवाय पोरीला वर जाताना निम्म्या बंदरानं पाहिलेलं. बोटीचा मालक तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, बाई म्हणते तर तिनंच हलवला असेल. पाय माझा मोडलेला होता. माझ्यापुढे कोण बोलणार?"

"त्या संध्याकाळी वारा तसाच. तीन बोटी बाहेर. आम्ही म्हटलं, आज काही वरचा लागत नाही. तर लागला. आपल्या जागेवर लागला, आणि हलेना. पोरगी पांघरूण पसरून दिव्याच्या मागे उभी, वाऱ्याला आडवी. बारा वर्षांची पोर. खाली तुझी आजी आपल्या दिव्यापाशी, नजर वर. बोटी एकेक करून आत आल्या, शेवटची येईपर्यंत दोघी जागच्या हलल्या नाहीत. पहिल्या बोटीवरचा उतरता उतरता म्हणाला, मायलेकी दिसल्या म्हणून आलो. तिथून पुढे हे नाव. त्याआधी नुसतं वरचा आणि खालचा."

"पण पोरं ओरडायची तिच्या मागून. काम काढून घेतलं."

"काम गेलं वीज आली म्हणून. खांब आधीच येऊन पडले होते. आणि पोरं काय, पोरं नव्या बोटीच्या मागेपण नाव घेत पळतात. त्यांना ती बघायला मिळायची म्हणून ओरडायची."

बसमध्ये मी रडले. शेजारच्या बाईनं मला लिमलेटची गोळी दिली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आईला सगळं सांगितलं. आधी म्हणाली, "खोटं. शब्दासाठी रचतेस तू." मग म्हणाली, "मला ताप नव्हता." मग कितीतरी वेळानं, "ती म्हणाली, मी हलवला? सगळ्यांसमोर?"

हो म्हटलं.

"गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली असेल. उभं राहवायचं नाही तिला." थोड्या वेळानं पुन्हा, "ती म्हणाली, मी हलवला?" असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

"आणि मला वाटायचं ती माझ्यावर रागावलीय." एवढं बोलून ती लहान मुलासारखी रडली. आई रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. काय करतात अशा वेळी ते मला माहीत नव्हतं. नुसती जवळ बसले.

मग नाक पुसून म्हणाली, "बस किती वाजता असते?"

२२ फेब्रुवारी, रविवार

आजोबा धक्क्यावर उभे होते, म्हणजे गोदामाच्या भिंतीला टेकून. आई त्यांच्या पायाकडे बघत राहिली. ते म्हणाले, "त्याच्याकडे काय बघतेस, वर बघ." दोघं एकमेकांना एकेरीत बोलतात. मला कसंतरीच झालं.

संध्याकाळच्या प्रवासी बोटीनं पलीकडच्या काठाला जाऊन परत आलो. येताना अंधारत होतं. आई पुढच्या बाकावर, दोन्ही हातांनी दांडा धरून. आधी टेकडीवरचा दिवा लागला, मग खालचा. दोन्ही लांब लांब. आई पुटपुटली, "डावीकडे घे." सुकाणूवर बसलेल्या माणसानं मागे वळून पाहिलं आणि बोट डावीकडेच घेतली, तो घेणारच होता. दिवे सरकत सरकत जवळ आले. मग एकावर एक. सरळ.

"जागेवर आहे," आई म्हणाली. "अजून जागेवर आहे."

उतरल्यावर ती खालच्या खांबापाशी गेली आणि त्याला हात लावून उभी राहिली. वर चढायचं का विचारलं तर म्हणाली, नको, माझे गुडघे आता हिच्यासारखे झालेत.

घरी पोचल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "कधी द्यायची असते ती साक्ष?"

२५ फेब्रुवारी, बुधवार

कचेरीत महाभारत. कात्री म्हणाली, "स्वतःची आई? मग उद्या मी माझ्या नवऱ्याला आणते, त्यालाही पुष्कळ शब्द येतात." संपादकांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "आई आणि आजोबा रविवारी भेटले. मग त्यांच्या साक्षी स्वतंत्र कशा?" मी म्हटलं, त्या रविवारच्या आधीच्या आहेत, अकरा आणि चौदा तारखेच्या. "पुरावा?"

पुरावा एकच होता. ही वही.

दिली. काय करणार! आणि ती कात्रीनं संपादकांच्या हातातून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. पानं उलटल्याचा आवाज. मध्येच एकदा हसली, पाचव्या तारखेला असणार. सतराव्या तारखेनंतर आवाज बंद. मग चष्मा काढून पुसला तिनं. दोनदा.

"आमचा संसार, हे बरं लिहिलंयस," म्हणाली. आणि कार्ड ओढून घेऊन 'वरचा उंच तो माय, खालचा बुटका तो लेक' ही ओळ तिनंच लाल शाईनं कापली आणि वर नीट अक्षरात दुरुस्ती केली. संपादक म्हणाले, "आता मी विचारायचं काही उरलंय का?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "नाही."

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज फर्मा गेला. पानाची एक प्रत घरी आणली. आईनं नवा चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं:

'मायलेकी. बंदरात शिरणाऱ्या बोटींना वाट दाखवणारे दोन दिवे. एकावर एक दिसले की वाट बरोबर. वरचा लेक, खालचा माय. हे दिवे लावणाऱ्या आई आणि मुलीवरून. साक्ष: बंदरावरचे सुकाणूवाले, दिवे लावणारी लेक.'

दोनदा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तर म्हणते, "लेक आधी का घातलीस? माय आधी घालायची. रोज खालचा आधी लागायचा, तिनं लावला की मी वर निघायची."

म्हटलं, "आई, आता फर्मा गेला."

"मग पुढच्या वेळी घाल." जसा काही कोश दर शनिवारी निघतो.

जेवण झाल्यावर मी लिहायला बसले, नेहमीच्या अंधारात. आई भांडी पुसत होती. ती आली, डाव्या कोपऱ्यातला दिवा दोन्ही हातांनी उचलला, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या वहीशेजारी ठेवला. तारेला ताण बसतोय का ते बघितलं. थोडा मागे सरकवला.

"डोळे घालवशील अशानं," म्हणाली आणि उरलेली भांडी पुसायला गेली.

लिहितेय. अक्षर आज बरं आलंय.